जेनोवात राहिलेल्या आक्का

हे आजवर कुणालाच ठाऊक नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी हे सोडून बाकी सगळं बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ आत ओढली जाते.

मी दौंडची. म्हणजे सासर न्हावऱ्याचं, पण हे रेल्वेत नोकरीला होते, त्यामुळं लग्न झाल्यावर लगेचच आम्ही दौंडला राहायला आलो. गावाकडं मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंचं नाव यशोदा; मी त्यांना आक्का म्हणते. दीर लवकर गेले. त्यानंतर ऊस, कांदा, गोठा, दोन पोरं — सगळं आक्कांनी एकटीनं ओढलं. मोपेडवर दोन्हीकडं दुधाच्या कॅनी अडकवून रोज सकाळी डेअरीला जायच्या. नऊवारीचा काष्टा, पायात पोराचे जुने कॅनव्हासचे बूट. रस्त्यात कुणी वाहन आडवं लावलेलं असलं की त्यांच्या आवाजानंच गाडी बाजूला व्हायची.

आणि मी? मी भित्री. लहानपणापासून. कुत्र्याला भिते, लिफ्टला भिते, रेल्वेवाल्याची बायको असून प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहायला भिते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला मी न्हावऱ्यात होते. पाऊस इतका, की ओढ्यावरून पाणी चाललेलं, आणि कुणी गाडी घालायला तयार होईना. आक्कांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्यांवर निजवलं, स्वतः ट्रॅक्टरवर बसल्या आणि मला शिरूरच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत मागं बघून एकच म्हणत होत्या, "शांते, मी हाय. डोळं मीट. मी हाय न्हवं?"

हे आधी सांगितलं, कारण मी कुणाशी काय केलं ते तुम्हाला नीट कळायला हवं.

आक्कांचा थोरला मुलगा नितीन रांजणगावच्या एका कंपनीत लागला आणि तिथून जर्मनीला गेला. आईनं जन्मभर काही बघितलं नाही म्हणून त्यानं पुण्याच्या एका टूरवाल्यांकडं तिच्या नावानं बोटीची सहल बुक केली. मोठी क्रूझ. बार्सिलोनाला बसायचं, मग मार्सेय, जेनोवा, रोमचं बंदर, नेपल्स, माल्टा. जुनी जुनी बंदरं, हजार हजार वर्षांची गावं. आक्का म्हणाल्या, शांता येत असंल तर जाते, न्हाईतर तुझी बोट तुला लखलाभ. म्हणून नितीननं माझंही तिकीट काढलं. म्हणजे मी तिथं गेले ती आक्कांमुळं. हेही लक्षात ठेवा.

बोटीवर मी जीव मुठीत धरून असायचे. रात्री खोलीची जमीन किंचित हलायची, आणि मी आक्कांच्या पलंगाची कड धरून पडायचे. त्या मात्र दुसऱ्याच दिवशी रुळल्या. डब्यातला खर्डा टेबलावरच्या सगळ्यांना वाटला. मार्सेयला बंदराच्या धक्क्यावर बायका मासळी विकत बसल्या होत्या. तिथं आक्का उकिडव्या बसल्या, एकीच्या पाटीतला मासा उचलून कल्ले फाकवून बघितला. ती बाई हसली, ह्याही हसल्या. "शिरूरच्या बाजारागतच हाय की गं," म्हणाल्या. "उगं भेतीस."

मग जेनोवा.

तिथं डोंगर थेट समुद्रात उतरतो, आणि घरं त्याच्या अंगावर चढत गेलेली. बंदराच्या मागं जुनं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वर सहा-सहा, सात-सात मजले. आभाळ म्हणजे एक चिंधी. आमच्याबरोबरचा टूर लीडर ओंकार म्हणून पुण्याचा तरुण मुलगा होता. त्यानं आम्हाला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं एक मोठं चर्च दाखवलं. पुढं रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दगडी सिंह. मग म्हणाला, आता तासभर फिरा, आणि वरच्या कारंज्याच्या चौकात या. दोन गाड्या असतील, पहिली भरली की निघेल. उशीर करू नका. बोट कुणासाठी थांबत नाही.

बोट कुणासाठी थांबत नाही. ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं.

आम्ही दोघी गल्ल्यांतून जरा हिंडलो आणि परत चर्चपाशी येताना उतारावर आक्कांचा पाय मुरगळला. चांगलाच. घोटा बघता बघता सुजला. कशाबशा त्या पायऱ्यांपर्यंत आल्या आणि सिंहाला टेकून बसल्या. म्हणाल्या, "तू जा, त्या पोराला घिऊन ये. म्या बसते हितं." त्यांचा मोबाइल माझ्याच पर्समध्ये होता, नऊवारीत कुठं ठेवणार? मी म्हणाले, "आक्का, इथून हलू नका. मी आलेच."

इथून हलू नका, मी आलेच. हे माझे शब्द.

कारंज्याचा चौक काही लांब नव्हता. सरळ रस्ता होता, नंतर नकाशात बघितला तेव्हा कळलं. पण मी घाईनं वळायचं तिथं भलतीकडं वळले आणि पुन्हा त्या गल्ल्यांत शिरले. एक गल्ली, दुसरी, तिसरी. सगळ्या सारख्या. दारांत माणसं उभी. ओलसर वास, तळणाचा वास. माझ्या पायांचा आवाज भिंतींवरून माझ्याच मागं येत होता. मी कुणाला काय विचारणार? कुठल्या भाषेत? एक माणूस पुढं झाला, काहीतरी बोलला आणि त्यानं माझ्या कोपराला हात लावला. आता वाटतं, रस्ता दाखवत असेल बिचारा. तेव्हा मी कोपर हिसडून सोडवून घेतलं. मी पळत सुटले. ह्या वयात, साडी वर धरून, पळत. घशात रक्ताची चव आली.

कशी ते ठाऊक नाही, पण चौकात पोचले. पहिली गाडी गेलेली. दुसरी सुरू करून उभी. आतली माणसं वैतागलेली, काचेतून माझ्याकडं बघत होती. ओंकार घामानं भिजलेला, दारात उभा.

"काकू, अहो कुठं होतात? किती शोधलं! आणि मोठ्या काकू?"

आता इथं थांबते. तुम्हाला वाटत असेल, मी गोंधळले असेन, मला बोलता आलं नसेल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण नाही. माझं डोकं त्या क्षणी लख्ख होतं. खरं सांगितलं तर हा म्हणणार — चला, दाखवा कुठं बसल्यात. म्हणजे पुन्हा त्या गल्लीत. आणि बोट गेली तर आम्ही दोघी इथं, ह्या गावात, रात्रभर. मी हे सगळं बघितलं, अगदी स्वच्छ, आणि मग बोलले.

"त्या गेल्या की मघाशीच. पहिल्या गाडीनं."

"नक्की?"

"मी स्वतः बसवून दिलं."

त्यानं घड्याळ बघितलं, आणि दार लागलं.

गाडीत मी ठरवत होते — त्या वळणावर सांगते. मग म्हटलं, सिग्नलला थांबली की सांगते. सिग्नल लागला, सुटला. बंदर आलं. बोटीवर चढताना गळ्यातलं कार्ड मशीनला लावायचं असतं, आणि मशीन किणकिणतं. माझं किणकिणलं. मी आत गेले. आक्का काय, कुठूनही वाट काढतील; आक्काच त्या. असं स्वतःला सांगत मी खोलीत गेले, दार लावलं, आणि त्यांच्या पलंगाकडं पाठ करून बसले.

थोड्या वेळानं भिंतीतल्या स्पीकरवरून नाव पुकारलं. "जासोदा." आडनाव तर ओळखूच आलं नाही. पुन्हा पुकारलं. जासोदा. जासोदा. कोण आत आलं नाही ते त्या मशीनला बरोबर कळलेलं होतं. मी कानांवर हात ठेवले. मग दार वाजलं. ओंकार आणि पांढऱ्या गणवेशातली एक अधिकारी बाई. माणूस मागं राहिलं की त्याचा पासपोर्ट बंदरावर सोडून जातात, म्हणे. खोलीतली तिजोरी मी उघडली. पासपोर्ट मी काढला. माझ्या हातानं दिला.

ओंकारनं विचारलं, "काकू, पहिल्या गाडीत त्या कुणालाच आठवत नाहीत. तुम्ही नक्की चढताना बघितलं?"

तेव्हाही वेळ होती. सांगितलं असतं, चर्चच्या पायरीवर आहेत, पाय मुरगळलाय, तर कुणीतरी टॅक्सीनं जाऊन त्यांना घेऊन आलं असतं. मी म्हणाले, "व्हय. खिडकीपाशी बसल्या होत्या."

खिडकीपाशी! खोट्याला मी खिडकीसुद्धा लावली.

त्यामुळं त्यांनी धक्क्यावर शोधलं. गोदामांत शोधलं, स्वच्छतागृहांत शोधलं. चर्चपाशी कोण कशाला जाईल? आणि बोट निघाली. मी बाल्कनीत गेले. गाव हळूहळू मागं सरत होतं, डोंगरावर एकेक दिवा लागत होता. माझ्या पर्समध्ये आक्कांचा मोबाइल वाजायला लागला. पडद्यावर नितीनचा फोटो, त्याची मुलगी कडेवर. टूरवाल्यांनी त्याला कळवलं असणार. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मी तो बंद करून उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला — सापडल्या, ठीक आहेत, नेपल्सला बोटीवर आणून सोडतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईनं मला मिठी मारली. आनंद झाला मला, झालाच. पण त्याच्या पाठोपाठ भीती आली, आणि ती आदल्या दिवशीच्या सगळ्या भीतीपेक्षा मोठी होती. त्या आता बोलणार. एका क्षणी वाटलं — हे लिहू का? लिहिते. एका क्षणी वाटलं, नसत्या सापडल्या तर.

नेपल्सला बोटीच्या कंपनीतल्या एका बाईच्या खांद्याला धरून, लंगडत त्या आल्या. मला बघितलं आणि तोंड भरून हसल्या. मला कवटाळून म्हणाल्या, "घावलीस का गं बाई! मला वाटलं तूच हरपलीस. जीव टांगणीला लागला माजा."

त्यांचं काय झालं ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. चर्च बंद झालं तरी त्या पायरीवर बसूनच होत्या. शेजारच्या गल्लीत दुकान असलेली एक बांगलादेशी बाई आली, हिंदीत बोलली, पाणी दिलं, पोलिसांना बोलावलं. पण आक्का पोलिसांबरोबर जाईनात. दुकानवालीनं कितीदा समजावलं. "म्या म्हनलं, माजी जाऊ भित्री हाय. ती हितं यील आन् म्या न्हाई दिसले तर जागच्या जागी जीव सोडंल. म्हून न्हाई उठले." अंधार पडल्यावर त्या बाईनं कबूल केलं, की मी माझ्या पोराला इथं बसवते, तुमची जाऊ आली तर तो घेऊन येईल. तेव्हा कुठं त्या उठल्या.

सगळे ऐकत होते. ओंकार माझ्याकडं बघत होता. "म्हणजे, मोठ्या काकू, तुम्ही गाडीत बसलाच नव्हता?"

"कशाची गाडी? म्या पायरीवर हुते. शांतेला म्या तुला आनायला धाडलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

आधीचं सगळं भीतीनं झालं, असं म्हणून मी कदाचित सुटले असते. पुढचं नाही. मी आक्कांचा हात हातात घेतला. अगदी मायेनं. आणि म्हणाले, "आक्का, ऊन लागलंय तुम्हाला. आठवत नाही का? मी तुम्हाला गाडीत बसवून दिलं. तुम्हीच मग उतरला असाल. पुन्हा चालत चर्चकडं गेला असाल."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही की माणूस बघतं ना, तसं.

"न्हाई गं शांते. तू म्हनलीस, हलू नका."

"तसं मी कधी म्हणाले, आक्का?"

बोटीच्या डॉक्टरनं रक्तदाब बघितला, वाढलेला होता. म्हणाला, ह्या वयात असं होतं. नितीन फोनवर म्हणाला, आई, काकी कशाला खोटं बोलेल? सगळ्यांना तेच पटलं. मी शिकलेली, शहरातली, रेल्वेवाल्याची बायको. आक्का दोन दिवस अडून राहिल्या. माल्टाला बोट लागली तेव्हा सगळे खाली उतरले, त्या खोलीतच बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "मला त्यो सिंव्ह आठवतोय. तुजा हात आठवतोय. गाडी काय क्येल्या आठवंना." मी पाठ फिरवून साड्यांच्या घड्या करत राहिले.

न्हावऱ्याला आल्यावर एकदा दूध उतू गेलं. कुणाचं जात नाही? पण घरातली धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, विसरला ना?" आणि आक्का पहिल्यांदा म्हणाल्या, "असंल गं. माजं डोकंच गेलंय." मग पुण्याला नेऊन तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पोरांनी मोपेडची किल्ली काढून घेतली, पुढं ती केंदूरच्या एका माणसाला विकली. दूध आता गडी नेतो. नितीननं टूरवाल्यांकडं तक्रार केली आणि ओंकारचं काम गेलं असं ऐकलं. दोन्ही गाड्यांतली माणसं त्यानं मोजली नाहीत, हा त्याच्यावरचा ठपका. त्यालाही कळलं असेल का? नेपल्सनंतर तो माझ्याशी एकदाही बोलला नाही.

मी न्हावऱ्याला जाते. आधी जायचे त्यापेक्षा जास्तच. लोक म्हणतात, जावाजावांत इतकी माया बघितली नाही. खरं सांगू? मी बघायला जाते — त्यांना आठवतंय का अजून. दारात पाऊल टाकलं की वाटतं, आता कुणीतरी म्हणेल, शांता, बस जरा, बोलायचंय. कुणीच काही म्हणत नाही. आक्का ओसरीवर असतात. जेवणं झाली की सुनेला विचारतात, "मी जेवले का गं?" त्यांना आठवत असतं. त्यांचा फक्त स्वतःवर विश्वास राहिलेला नाही. परसात जायचं तरी विचारून जातात. मला हे कळतं, कारण खरंच विसरणारं माणूस असं विचारत नसतं.

ह्या हिवाळ्यात मात्र गेले ती ठरवूनच. सून शिरूरला गेली होती, घरात आम्ही दोघीच. आक्का सुपात तूर पाखडत होत्या; हात अजून तसेच, एक दाणा बाहेर पडत नव्हता. मी खाली त्यांच्याजवळ बसले. एसटीत घोकत आले होते तेवढंच बोलले.

"आक्का, जेनोवात तुमचं बरोबर होतं. तुम्ही गाडीत बसलाच नव्हता. मीच म्हणाले होते, हलू नका. मी तुम्हाला तिथं सोडून आले. भ्याले आणि खोटं बोलले."

सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, आता शिव्या देतील, हाकलून काढतील — दे रे देवा, तेवढं तरी दे.

त्यांनी तुरीनं भरलेला हात माझ्या गालावर ठेवला.

"माजं मन राखाया म्हनतीस व्हय गं?" म्हणाल्या. "असूं दे. म्हातारपण हाय, हुतंय असं. तू काय वाईट वाटून घिऊ नगंस."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. शपथ घालून, पाय धरून, नितीनला फोन लावून, सुनेला बोलावून, सगळ्या गावासमोर सांगायला हवं होतं. ते ऐकतील असं सांगायला हवं होतं. नितीनचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. आजही आहे.

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं, आत गेल्या आणि मला चहा करून आणला. साखर घातली की नाही ते त्यांनी मलाच विचारलं. घातली होती. मी चहा प्यायले, निघते म्हणाले, आणि संध्याकाळच्या एसटीनं दौंडला परत आले.